बांधकामाआधी परवानगीचा सल्ला: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये घरांचे नकाशे काढणं आणि ते मंजूर करून आणणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनाच्या पायऱ्या पाठ झाल्या आहेत, आणि फोनवर येणारे प्रश्नही. तेच प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं मुख्यतः स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बिल्डरकडे त्याची माणसं असतात.

सल्ला नेमका कधी घ्यायचा?

खरेदीखताच्या आधी. प्लॉट घेऊन झाला असेल तर खोदाईच्या आधी. लोक मात्र बहुतेक वेळा मुहूर्ताच्या आदल्या दिवशी येतात.

एकदा म्हसरूळच्या बाजूचे दोघे भाऊ असेच आले. मोबाइलमध्ये फोटो होता: चुन्याची फक्की मारलेली, चार कोपऱ्यांत खुंट्या, मधोमध फोडलेला नारळ आणि मागे जेसीबी उभा. ‘फक्त सही हवी होती,’ म्हणाले. भाग नकाशा, म्हणजे विकास आराखड्याचा त्या जागेपुरता उतारा, काढला, तर विकास आराखड्यातला एक रस्ता प्लॉटचा कोपरा तिरका कापून जात होता, आणि मास्टर बेडरूमची फक्की नेमकी त्या कोपऱ्यात होती. जेसीबी परत गेला, त्याचं एका दिवसाचं भाडं बुडालं. जोतं झाल्यावर आले असते तर लाखांत गेलं असतं.

‘माझ्या प्लॉटवर काय बांधता येईल’ हे महापालिकेत जाऊन विचारता येतं का?

विचारता येतं. काउंटरवरचा माणूस चांगला असेल तर बरंच सांगेलही. पण त्या तोंडी उत्तराला किंमत नाही. उद्या त्याची बदली झाली की ते उत्तरही त्याच्याबरोबर गेलं. लेखी दोन गोष्टी मागा: भाग नकाशा आणि झोन दाखला. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन, फी भरून नगररचना विभागातून त्या मिळतात. जमीन निवासी विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर शाळा, बाग किंवा रस्त्याचं आरक्षण आहे का, हे त्यातून कळतं. नाशिकचा सध्याचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. त्याआधीचा जुना नकाशा दाखवून कोणी प्लॉट विकत असेल तर तो नकाशा घडी घालून त्यालाच परत द्या.

त्यानंतर आर्किटेक्ट किंवा महापालिकेचा परवानाधारक अभियंता गाठा. नकाशावर सही त्यांची लागते, आणि चूक निघाली तर जबाबदारीही त्यांची असते. गवंडी आणि सेंटरिंगवाले अनुभवी असतात, त्यांच्याकडून मीही शिकलो आहे. पण ‘आपल्या एरियात सगळ्यांनी असंच बांधलंय’ हा त्यांचा सल्ला कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

माझा प्लॉट नाशिकमध्येच आहे. मग परवानगी महापालिकेचीच ना?

पत्त्यात ‘नाशिक’ आहे म्हणजे महापालिकेची हद्द आहे, असं नाही. पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड या सहा विभागांत येत असाल तर महापालिका. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतला एमआयडीसीचा प्लॉट असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच. देवळाली कॅम्पात कटक मंडळ, म्हणजे कँटोन्मेंट बोर्ड. शहराबाहेरच्या गावांत बहुतेक ठिकाणी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए.

सगळ्यांत जास्त फसगत या शेवटच्या गटात होते. गावठाणाबाहेरचा गट, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, त्यावर गोल शिक्का, आणि मालक म्हणतो परवानगी आहे. तो दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद झाली, घरपट्टी लागली, मीटर आलं, तरीही नव्हे.

सिडकोच्या योजनांमधली घरं मुळात भाडेपट्ट्याच्या जागेवर दिलेली, त्यामुळे तिथे भाडेकरार काढून त्यातल्या अटी वाचाव्या लागतात. शिवाय त्या ओळीतल्या घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक आहेत. वर मजला चढवायचा बेत असेल तर पहिला सल्ला शेजाऱ्याचा आणि दुसरा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा घ्या.

कोणत्या कामाला परवानगी लागत नाही?

रंग, प्लास्टर, फरशी बदलणं, त्याच उंचीवर छपराचे पत्रे किंवा कौलं बदलणं, मोरी-संडासाची दुरुस्ती, दारं-खिडक्या नव्या बसवणं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये याचं सूत्र आहे: इमारतीच्या बाह्य स्वरूपात ठळक फरक न पडणारी देखभाल आणि दुरुस्ती. ‘दुरुस्ती’ या शब्दाचा आपल्याकडे फार ताण काढला जातो. जुनं घर जोत्यापर्यंत पाडून नवं उभं केलं तर ती दुरुस्ती होत नाही, मग देवघराची एक भिंत जुनीच ठेवली असली तरी.

बाल्कनी काचेनं बंद केली, गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, पार्किंगमध्ये दुकान काढलं. यात काय एवढं?

तिन्हींत परवानगीचा प्रश्न येतो. पार्किंगचं दुकान तर सगळ्यांत वाईट, कारण वापरही बदलतो आणि नियमानं लागणारी पार्किंगची जागाही जाते. सोसायटीत राहत असाल तर गच्ची ही सहसा तुमची एकट्याची नसते, हे आधी खरेदीखतात पाहा.

आर्किटेक्ट पहिला प्रश्न रस्त्याचाच का विचारतात?

कारण नाशिकमध्ये घराची उंची प्लॉटपेक्षा समोरचा रस्ता ठरवतो.

राज्यात मुंबईसारखे काही भाग सोडून डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ऑफिसात सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार आपल्या महापालिका क्षेत्रात, दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १.१० आहे: प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या १.१० पट बांधकाम. समोरचा रस्ता ९ मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर पैसे भरून प्रीमियम एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकाम, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरित विकास हक्क, घेता येतो. ९ मीटरच्या आत असेल तर हे दोन्ही दरवाजे बंद.

आता इंदिरानगर, गंगापूर रोड किंवा पंचवटीतल्या जुन्या कॉलन्या डोळ्यांसमोर आणा. कितीतरी ले-आउटमधले आतले रस्ते ६ किंवा साडेसात मीटरचे आहेत. समजा तुमचा प्लॉट ३० बाय ५० फूट आहे, म्हणजे १५०० चौरस फूट. १.१० नं १६५० चौरस फूट झाले. त्यावर अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत पूरक, म्हणजे अ‍ॅन्सिलरी एफएसआय मिळतो, म्हणजे आणखी ९९० चौरस फूट. एकूण २६४०. ऐकायला भरपूर वाटतं. पण नव्या नियमावलीत जिना आणि बाल्कनीसुद्धा या मापात धरली जाते. पूर्वीसारखी ‘बाल्कनी फ्री, जिना फ्री’ अशी सोय राहिलेली नाही. जुन्या मंजूर नकाशावरून नव्या घराचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात.

रस्ता मोजताना डांबराची कड मोजू नका. मी टेप घेऊन जातो तेव्हा घरमालक हमखास डांबरावर उभे राहून ‘साहेब, वीस फूट आहे’ असं सांगतात. मोजायची असते ती मंजूर ले-आउटमध्ये दाखवलेली रुंदी, समोरासमोरच्या प्लॉटच्या हद्दींमधली. कधी समोरच्या घराचा ओटा आणि तुळशीवृंदावन मिळून त्यातले चार फूट गिळलेले असतात. ते चार फूट कागदावर तुमच्या बाजूनं उभे राहतात. उलटही होतं: रस्ता दिसायला ऐसपैस, पण मंजूर ले-आउटमध्ये सहा मीटरच.

प्लॉट लहान आहे. त्याला परवानगी लागत नाही, असं ऐकलं.

अर्धवट ऐकलं. युडीसीपीआरमध्ये जोखमीनुसार वर्ग केले आहेत. १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट, म्हणजे साधारण १६०० चौरस फूट, हा कमी जोखमीचा. १५० ते ३०० चौरस मीटर हा मध्यम जोखमीचा. या वर्गांत प्रक्रिया छोटी आहे. परवानाधारक तांत्रिक व्यक्ती नकाशा नियमाप्रमाणे असल्याचं प्रमाणित करते, शुल्क भरायचं, कागद दाखल करायचे आणि पुढे जायचं. नियम मात्र सगळे तेच. सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडायचीच आहेत, एफएसआय तोच आहे. फरक इतकाच की तपासणी आधी होत नाही, आणि चूक निघाली की ‘तुमच्याच साहेबांनी मंजूर केलं होतं’ असं म्हणायलाही जागा राहत नाही. छोट्या प्लॉटवाल्यांना सल्ल्याची गरज जास्त, असं माझं मत आहे.

गुंठेवारीतला, म्हणजे ले-आउट मंजूर न करता पाडलेला, तुकडा असेल तर आधी ले-आउट आणि नियमितीकरणाचा प्रश्न सोडवावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला नियमितीकरणाची वाट मिळाली, पण ती आपोआप मिळत नाही, अर्ज करून शुल्क भरावं लागतं.

पहिल्या भेटीला कोणते कागद आणायचे?

ताजा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रक उतारा, खरेदीखत आणि इंडेक्स टू, मंजूर ले-आउटची प्रत, बिनशेती आदेश असेल तर तो, आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा. मोजणी झाली नसेल तर आधी तिचा अर्ज करा, कारण सगळ्यात वेळखाऊ कागद तोच. सातबाऱ्यावर आत्या किंवा बहिणीचं नाव असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. लोक हे शेवटी सांगतात, तेही आवाज खाली करून. सहहिस्सेदाराची संमती नसलेली फाइल पुढे सरकत नाही, आणि सरकली तरी नंतर हरकत येते. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन, अशी नोंद दिसली तर पुढचा खर्च थांबवून आधी तहसील गाठा.

नदी घरापासून चांगली लांब आहे. पूररेषा कशाला बघायची?

गोदावरी लांब असेल, पण नासर्डी? वाघाडी? वालदेवी? नाशिकमध्ये नाल्यासारख्या दिसणाऱ्या नद्या आहेत, आणि त्यांच्या काठचे प्लॉट मे महिन्यात फार देखणे दिसतात.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येतं, आणि मुख्य अट जोत्याच्या पातळीची: ती लाल रेषेच्या पातळीच्या वर असावी लागते. म्हणजे खाली खांब आणि घर वर. आजोबांना जिना चढायला लावायचा का, हा मग घरातला प्रश्न.

आपल्याकडे पूर मोजायची जुनी पद्धत रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर शहराला अंदाज येतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांना अजून लक्षात आहेत. प्लॉट बघायला जाल तेव्हा शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारा की २०१६ ला पाणी कुठवर आलं होतं. तो ओट्याच्या कितव्या पायरीवर बोट ठेवतो ते बघा, आणि मग भाग नकाशा उघडा.

आणखी कोणाची ना-हरकत लागू शकते?

जागेवर अवलंबून. पांडवलेणी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत पूर्वपरवानगी, असा २०१० च्या सुधारणेनंतरचा केंद्राचा कायदा सांगतो. लष्करी जागेच्या शेजारी संरक्षण खात्याचे निर्बंध तपासावे लागतात, आणि देवळाली व गांधीनगरच्या बाजूला हे नेहमी आडवं येतं. तपोवनाच्या परिसरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामाचं आरक्षण पाहिल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

आणि झाड. प्लॉटवर जुना कडुनिंब किंवा आंबा असेल तर तो तोडायला वृक्ष प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी लागते. बांधकामाची मंजुरी मिळाली म्हणजे झाडाची मिळाली असं होत नाही. एका घराचा जिना आम्ही कडुनिंबाला वळसा घालून नेला. आता त्याच घरात ‘जिन्यावर सावली असते’ असं कौतुकानं सांगतात, तेव्हा मात्र माझ्याशी तीन आठवडे भांडले होते.

जुन्या नाशकात वडिलोपार्जित वाडा आहे. पाडून नवा बांधता येईल?

येईल, पण हे सगळ्यांत गुंतागुंतीचं काम आहे आणि घाईत उत्तर देण्यासारखं नाही. भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा हा भाग दाट वस्तीत मोडतो. तिथली सामासिक अंतरं आणि एफएसआयचे नियम कॉलनीतल्या प्लॉटपेक्षा वेगळे आहेत. गल्ली इतकी अरुंद असते की रस्तारुंदीसाठी पुढची काही जागा सोडावी लागते, आणि वाड्याची रुंदीच पंधरा-सोळा फूट असेल तर उरलेल्यात काय बसणार? अशा वेळी शेजारच्या वाड्याशी मिळून एकत्र विकास केला तरच गणित जमतं. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल, तर आमचा पहिला सल्ला वास्तुशिल्पाचा नसतो.

दुसरी गोष्ट भाडेकरू. त्यांचे हक्क वाडा पडल्यानं संपत नाहीत, त्यामुळे करार आधी लिहून घ्या. तिसरी गोष्ट पावसाळा. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते. महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस देते. ती आली म्हणून घाबरून जाऊ नका आणि ड्रॉवरमध्येही टाकू नका. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घेणं हे कायद्यातच आहे. मातीची भिंत आणि सागवानी खांब असलेल्या वाड्यात पोटमाळ्याच्या तुळईचं टोक, म्हणजे ती भिंतीत शिरते ती जागा, टोचून बघायला सांगा. बाहेरून तुळई धडधाकट दिसते आणि आत वाळवीनं भुगा केलेला असतो.

मंजुरीला किती वेळ लागतो? आणि ती किती दिवस टिकते?

अर्ज ऑनलाइन, बीपीएमएस प्रणालीवर होतो. कायद्यानं ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. पण ही तरतूद नियमात बसणाऱ्या नकाशालाच लागू पडते. या मानीव परवानगीच्या भरवशावर काम सुरू करा, असं मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. त्रुटींचं पत्र आलं की घड्याळ अडकतं, आणि ते बहुतेक वेळा येतं.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असतं. दरवर्षी मुदतवाढ घेता येते, पण वाढीव मुदत एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. जोतं झाल्यावर तपासणीसाठी कळवायचं, तो दाखला घ्यायचा आणि मग भिंती. जोत्याचा दाखला लोक टाळतात, आणि मग फूटभर सरकलेलं घर थेट भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे राहायला येण्याच्या परवानगीच्या, वेळी उघडं पडतं.

खर्च किती?

रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी बाजारमूल्याच्या, दरावर बेतलेलं विकास शुल्क, छाननी शुल्क, अनामत रक्कम, अधिमूल्य घेतलं तर ते, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर. नोव्हेंबर २०२५ पर्यंत स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर उपकर नव्हता; आता सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे. आकडा प्लॉटनुसार इतका बदलतो की इथे लिहिणं चुकीचं ठरेल. आर्किटेक्टकडून शुल्काचा तक्ता आणि त्याची स्वतःची फी, दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर मागा. ‘सगळं मिळून एवढे द्या, मी बघतो’ म्हणणाऱ्याकडून पावत्या मिळत नाहीत.

वास्तुशास्त्राप्रमाणे नकाशा बसेल का?

बरेचदा बसतो. जिना नैऋत्येला हवा आणि नेमकं तिथेच सामासिक अंतर सोडायचं असेल तर जिना आत घ्यावा लागतो. महापालिकेला दिशा फक्त उत्तरेच्या बाणापुरती हवी असते.

परवानगी नाकारली तर?

नकाराचं कारण लेखी असतं. ते नीट वाचा. निम्म्या वेळा नकाशा दुरुस्त करून काम होतं. कारण पटत नसेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली आदेश कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेश मिळाल्याची तारीख लिफाफ्यावर लिहून ठेवा.

आधीच बांधून झालंय. आता सल्ला घेऊन उपयोग?

उपयोग आहे, पण उत्तर कदाचित आवडणार नाही. विनापरवाना बांधकामाला त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, शिवाय दंड. बांधकाम काढून टाकण्याची कलम ५३ ची नोटीस वेगळी. बांधलेलं नियमात बसत असेल तर शुल्क आणि दंड भरून नियमित करून घेता येतं. बसत नसेल तर किती पाडलं म्हणजे बसेल, हे मोजावं लागतं. २०१७ मध्ये आलेली प्रशमित संरचनांची, म्हणजे शुल्क घेऊन अनधिकृत बांधकाम नियमित करण्याची, तरतूद ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. तिच्या आशेवर आज कोणी मजला चढवू नये.

घरपट्टी भरतो म्हणजे घर कायदेशीर, हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर वाद घालायचं मी सोडून दिलं होतं. अवैध बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावणारं महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६७ अ मात्र स्वतःच सांगतं की ही शास्ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. आता मी ते कलम छापूनच टेबलावर ठेवलं आहे.

घर पूर्ण झालं, राहायलाही आलो. भोगवटा प्रमाणपत्र घ्यायलाच हवं का?

हो, आणि राहायला येण्याआधी. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी द्यावी, तसंच बँकांनी ते पाहूनच कर्ज द्यावं, असे निर्देश आहेत. पुढे घर विकायचं ठरलं की खरेदीदाराची बँक हाच कागद मागते. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय केलेली नसेल तर भोगवटा तिथेच अडतो, तेव्हा तो खड्डा फरशी टाकण्याआधी खणून घ्या. पोर्चमध्ये चकचकीत टाइल बसल्यावर कोणालाच तिथे कुदळ मारवत नाही.